हजेरीपटावरून राज्य जोखताना

खर्ड्याच्या लढाईतली एक गोष्ट मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १७९५ साली निजामावर चालून गेलेल्या फौजेत शिदनाक महार आपल्या पथकासह होता. त्याचा तंबू सरदारांच्या तंबूंमध्ये पडला म्हणून काहींनी हरकत घेतली. गाऱ्हाणं पेशव्यांपर्यंत गेलं. ही जेवणाची पंगत नाही, इथे तलवारीची पंगत आहे, अशा अर्थाचा सल्ला एका सरदाराने दिला आणि तंबू जागेवर राहिला. पुढे ऐन लढाईत शिदनाकाने परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला, असंही सांगतात.

अलीकडे ही गोष्ट वेगळ्याच कामासाठी काढली जाते. पेशव्यांच्या सैन्यात महार होते, मानानं होते, मग पेशवाईत अस्पृश्यता होती हा कांगावा कशाला, असा तो युक्तिवाद. ऐकायला तो सोपा आणि समेटाचा वाटतो, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. गोष्ट नीट ऐकली तर ती उलटीच साक्ष देते. शत्रू समोर उभा असताना, जीव द्यायला आलेल्या माणसाच्या तंबूची जागा हा वादाचा विषय होऊ शकला आणि तो थेट पेशव्यांपुढे न्यावा लागला. पटवर्धनांचा तंबू कुठे असावा यावर कधी कुणी निवाडा मागितला नसता. एका शहाण्या माणसाने त्या दिवशी भेद बाजूला ठेवायला सांगितलं, हे त्याचं मोठेपण. पण बाजूला ठेवायला भेद आधी असावा लागतो. त्याच शतकात पंढरपुरात चोखोबाच्या शिळेपाशी महारांनी उभं राहावं की नाही हा प्रश्न पेशवे सरकारात गेला होता आणि तिथला निकाल महारांच्या विरोधात लागला. छावणीतली सवलत देवळाच्या दारापर्यंत पोचली नाही.

कुणाच्या सैन्यात कोण होतं, ही माहिती इतिहासात महत्त्वाची आहेच. पण हजेरीपटावरून राज्याची नियत ठरवायला निघालो की आपण फसतो. आमचा बुऱ्हाणपूर जिल्हा याची शाळाच आहे. डोईफोडिया गावातून बाहेर पडलं की एका बाजूला महाराष्ट्र लागतो आणि दुसऱ्या बाजूला बुऱ्हाणपूर, आणि त्याच्याही वर असीरगड. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात शरण आलेल्या शेवटच्या किल्ल्यांपैकी हा एक. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना आसरा दिल्याच्या रागातून इंग्रज सेनानी डव्हटन आणि माल्कम यांनी त्याला वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो इंग्रजांच्या हाती गेला. किल्लेदार शिंद्यांचे यशवंतराव लाड. तटावर लढणाऱ्यांत मोठा भरणा अरब, सिंधी आणि मकराणी शिपायांचा. खाली इंग्रजांच्या बाजूला देशी शिपायांच्या पलटणी. आता या दोन याद्या समोर ठेवून शिंद्यांचं राज्य कुणाचं आणि कंपनीचं राज्य कुणाचं हे सांगायला कुणी बसलं, तर जे उत्तर निघेल त्यावर शाळेतला मुलगाही विश्वास ठेवणार नाही. अरब पगारासाठी आले होते आणि इमानाने लढले. त्यांच्या इमानावरून शिंद्यांच्या कारभाराचा धर्म कळत नाही.

याच बुऱ्हाणपुरात १६६७ साली मिर्झाराजे जयसिंग वारले. शिवाजी महाराजांना पुरंदरचा तह करायला लावणारा औरंगजेबाचा हा सर्वात मातबर सेनापती राजपूत होता. त्याच्यामागे दरबारात आणखी कितीतरी राजपूत होते. तरीही १६७९ साली औरंगजेबाने हिंदूंवर जिझिया पुन्हा बसवला. सेनापतीची जात आणि धर्म त्या फर्मानाला आडवे आले नाहीत.

या प्रकारच्या युक्तिवादाचं सर्वात धडधडीत उदाहरण अमेरिकेत आहे आणि आपण ते समजून घेतलं पाहिजे, कारण तिथे तो कसा वाढला याची नोंद झालेली आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवीत गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली. शंभर वर्षांनंतर त्यांच्या वारसांपैकी काहींनी सांगायला सुरुवात केली की दक्षिणेच्या सैन्यात हजारो कृष्णवर्णीय सैनिक होते, तेव्हा युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच. पुरावा काय? छावणीत मालकाचे बूट पुसणारे, स्वयंपाक करणारे, घोडे राखणारे गुलाम. खंदक खणायला आणि तटबंदी उभारायला जबरदस्तीने धरून आणलेले गुलाम. मिसिसिपी राज्याने १८८८ पासून अशा नोकरांनाही पेन्शन दिलं. त्यांचे अर्ज नोकर म्हणून होते, नंतरच्या लोकांनी ते सैनिकांचे म्हणून मोजले. एक छायाचित्र फार फिरलं. ते उत्तरेच्या सैन्यातल्या कृष्णवर्णीय शिपायांचं होतं. त्यातला गोरा अधिकारी कापून टाकून खाली दक्षिणेच्या पलटणीचं नाव घातलेलं होतं. २०१० साली व्हर्जिनियातल्या चौथीच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात हजारो कृष्णवर्णीय सैनिकांचा दावा छापला गेला. लेखिकेने तो इंटरनेटवरून उचलला होता. इतिहासकारांनी ओरड केल्यावर तो काढावा लागला.

खरं काय घडलं ते दक्षिणेच्याच कागदांत आहे. १८६४ च्या जानेवारीत सेनापती पॅट्रिक क्लेबर्न यांनी गुलामांना स्वातंत्र्य देऊन सैन्यात घ्यावं असं सुचवलं, तेव्हा त्यांचा प्रस्ताव दडपण्यात आला. पुढच्या वर्षी दक्षिणेचेच एक सेनापती हॉवेल कॉब यांनी युद्धमंत्र्यांना कळवलं की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीमागचा आपला सगळा सिद्धांतच खोटा ठरेल. या माणसाला मुद्दा पुरता कळला होता. शेवटी हरण्याची वेळ आली तेव्हा १३ मार्च १८६५ रोजी गुलामांना सैन्यात घेण्याचा कायदा झाला. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, थोड्याशा लोकांची कवायत सुरू झाली आणि ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती ली शरण गेले. उलट उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले, आणि तिथेही १८६४ पर्यंत त्यांना गोऱ्या शिपायापेक्षा कमी पगार होता. योग्य बाजूच्या हजेरीपटावर नाव आलं म्हणून समान वागणूक मिळाली नाही, हे विसरून चालणार नाही.

आता कोरेगाव भीमा. इथे लिहिताना हात जपून चालवावा लागतो, कारण या गावाच्या नावाने २०१८ मध्ये महाराष्ट्रात रक्त सांडलं. १ जानेवारी १८१८ रोजी तिथे कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं. तुकडी सुमारे ८०० जणांची; त्यातले २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पलटणीत महार मोठ्या संख्येने होते. तिथल्या स्मारकस्तंभावरच्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी महारांच्या नावांत येणारं ‘नाक’ आहे. बाकीची नावं इतरांची आहेत. गावात शिरून हल्ला करणाऱ्या पेशव्यांच्या पायदळात अरब आणि गोसावी होते, आणि पेशव्यांच्या बाजूला बापू गोखल्यांसोबत त्रिंबकजी डेंगळे होते. पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार, एका जातीविरुद्ध दुसरी जात, अशी रेखीव मांडणी त्या दिवसाच्या तपशिलात बसत नाही.

पण हा तपशील ऐकून ज्यांना आनंद होतो, त्यांनी थोडं थांबावं. पेशव्यांकडून अरब लढले म्हणून पेशवाईतली अस्पृश्यता पुसली जात नाही. कंपनीकडून महार लढले म्हणून कंपनी जातिअंताला निघाली होती असंही सिद्ध होत नाही. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले, याचं महत्त्व या दोन्ही वादांनी कमी होत नाही. ज्या समाजाला लढाऊ नाही असं ठरवून सैन्याची दारं बंद केली होती, त्याच समाजाच्या शिपायांची नावं इंग्रजांनी स्वतःच दगडावर कोरून ठेवली होती. तिथे जाणं म्हणजे सरकारला त्याच्याच दगडावरचं वाचून दाखवणं होतं. कंपनीच्या कारभाराला दिलेली ती पावती नव्हे.

माझ्या मते मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांसमोर विचारायचे प्रश्न इथून सुरू होतात. तो माणूस सैन्यात कसा आला: पोटासाठी, वतनाच्या जबाबदारीने, की धरून आणलेला? त्याच्या हातात शस्त्र होतं की पखाल? जखमी झाल्यावर पेन्शन कोणत्या नावाने मिळालं? लढाई संपून गावात परतल्यावर तो विहिरीवर जाऊ शकला का? आणि यादी आज नेमक्या कुठल्या वादात पुढे केली जाते आहे? शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमानांच्या टक्केवारीचे संदेश फिरतात, तेव्हाही हेच विचारावं. नूरखान बेग आणि दौलतखान यांची नावं इतिहासात पक्की आहेत. ती आदराने घ्यावीत. पण महाराजांच्या उदार धोरणाला पुरावा हवा असेल तर तो त्यांच्या आज्ञांत आणि वागणुकीत शोधावा. टक्केवारी कुणीतरी बसल्या जागी लिहिलेली असते, आणि ती खोटी ठरली की तिच्या आधाराने उभी केलेली खरी गोष्टही लोकांच्या मनातून उतरते. सद्भावनेने पसरवलेला खोटा आकडा म्हणूनच मला द्वेषाच्या संदेशाइतकाच घातक वाटतो.

सैन्यातली हजेरी आणि समाजातला दर्जा यांचा हिशोब जुळत नाही, हे महार सैनिकांनी स्वतः अनुभवलं आणि लिहूनही ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या मुंबई इलाख्याच्या पलटणीत सेवा केल्यावर १८९२ च्या सुमारास सरकारने त्यांची भरती थांबवली. पेन्शनीत निघालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पहिलं महायुद्ध पेटलं आणि माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच ती कमी करत आणली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा, १९४१ मध्ये, महार रेजिमेंटची स्थापना झाली. सरकारला गरज पडली की नाव हजेरीपटावर चढत होतं, गरज सरली की उतरत होतं, आणि या सगळ्या वर्षांत गावातली विहीर बंदच होती.