आपलाही एक नागपूर करार हवा

डिसेंबर आला की नागपुरात दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक म्हणजे मुंबईहून येणारं सरकार, आणि दुसरे पुण्या-बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन येणारे आमचे मित्र. पहिल्यांसाठी सिव्हिल लाइन्समधले रस्ते चकाचक होतात. दुसऱ्यांमुळे धरमपेठेतल्या कॅफेंमध्ये प्लगजवळचं टेबल मिळेनासं होतं. दोघंही म्हणतात, आम्ही इथे काम करायला आलोय. आणि दोघांनाही गाव हसूनच विचारतं, "काम करून राहिले का हुरडा खाऊन राहिले?"

हल्ली एक तिसरा प्रकारही निघालाय. नागपूरला न येता थेट युरोपात जाऊन काम करणारे. त्याला म्हणे 'वर्केशन' म्हणतात. आमच्या कंपूतला एक जण मागच्या हिवाळ्यात व्हिएन्नाला गेला होता. शहर निवडलं झकास. तिथल्या कॉफीहाऊस संस्कृतीला ऑस्ट्रियाने २०११ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलंय. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि एका कपावर तासन् तास बसलं तरी सहसा कोणी उठवत नाही. पण गणित बघा. हिवाळ्यात व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपला सकाळी १० चा स्टँड-अप म्हणजे तिथे पहाटेचे साडेपाच. बाहेर अंधार, कॅफे बंद. इथले साडेसहा वाजले की तिथे दुपारचे दोन, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे हातात उजेडाचे दोन तास! शिवाय टुरिस्ट व्हिसा हा फिरण्यासाठी असतो, नोकरीसाठी नव्हे. म्हणून तर एस्टोनियाने २०२० मध्ये आणि पोर्तुगालने २०२२ मध्ये लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळा व्हिसा काढला.

असो. ज्याची त्याची हौस, आणि जायला माझी काही हरकत नाही. मला खटकलं ते वेगळंच. या पठ्ठ्याचा कॅफेतला फोटो त्याच्या मॅनेजरने कौतुकाने टीमच्या ग्रुपवर टाकला. त्याच सुमाराला आमची एक मैत्रीण (कंपनी दुसरी, पण धंदा तोच) वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर नागपुरातून काम करू द्या म्हणून विचारत होती. तिला उत्तर मिळालं, "ऑफिसला यायची पॉलिसी आहे, अपवाद करता येत नाही." व्हिएन्नातून चालतं आणि नागपुरातून चालत नाही, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही राव. नेटवर्कला दोन्हीकडची पाकिटं सारखीच!

आता याचा सरकारशी काय संबंध? सांगतो.

नागपूर ही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत राजधानी होती, तेव्हाच्या मध्य प्रदेशाची. मराठी मुलूख एक व्हायचा तर राजधानी जाणार, हे उघड होतं. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांनी नागपूर करार केला. त्यात निधी आणि नोकऱ्यांमधल्या वाट्याबरोबर एक मजेशीर कलम होतं: सरकारने दरवर्षी ठराविक काळ अधिकृतपणे नागपूरला मुक्काम हलवायचा आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं. १९६० पासून ही प्रथा सुरू आहे. म्हणजे आपण 'रिमोट' हा शब्द शिकायच्या कितीतरी आधी अख्खं मंत्रालय फायलींसकट नागपुरातून काम करत होतं. गंमत अशी की २०२० आणि २०२१ मध्ये सगळं जग घरून काम करत होतं, तेव्हा करोनामुळे अधिवेशन मात्र मुंबईतच झालं. ते परत नागपूरला आलं २०२२ च्या डिसेंबरात.

मला विचाराल तर या कराराची कल्पना जबरदस्त आहे. ज्यांच्यापासून काम दूर गेलं, त्यांच्याकडे कामाने वर्षातून एकदा स्वतः चालत जायचं. दया म्हणून नाही, हक्क म्हणून.

पण या कलमात एक बग आहे. 'ठराविक काळ' म्हणजे किती, ते लिहिलंच नाही. आणि जिथे आकडा नसतो तिथे 'किमान'चं 'कमाल' व्हायला वेळ लागत नाही. किमान एक अधिवेशन म्हटलं, तर एकच झालं. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस चाललं. सहा दिवसांत विदर्भाचं काय ऐकून होणार? म्हणूनच लोक त्याला सहल म्हणतात.

आणि हाच बग आपल्या घरोघरीही आहे. मित्र दहा दिवसांसाठी येतो. घरी कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल कॉलमध्ये ऐकू जातात, म्हणून तो कॅफेत जाऊन बसतो. रात्री अमेरिकेची मीटिंग. एका मित्राच्या आईने मला अगदी नेमकं सांगितलं, "येऊन दहा दिवस झाले बाबू, पण पोरगं घरी आलं का ऑफिस घरी आलं, काही समजूनच नाही राहिलं!" काकूंच्या वाट्याला आलं ते अधिवेशनच की. त्यात दोष त्या पोराचाही म्हणता येत नाही, कारण हे दहा दिवसही त्याने मिनतवारीने मिळवलेले असतात.

म्हणून माझं म्हणणं, नोकरदारांचाही एक नागपूर करार हवा. कलमं साधी:

१. वर्षातून सलग सहा आठवडे आपल्या गावातून काम. आकडा लिहिलेला, तारखा आधी ठरलेल्या.

२. ही रजा नव्हे आणि उपकारही नव्हे. अप्रेझलमध्ये त्याचा हिशेब निघणार नाही.

३. हे सगळ्यांसाठी. फक्त मॅनेजरच्या लाडक्यांसाठी नाही, आणि फक्त मोठ्या शहरांसाठीही नाही. वाशीमवाल्यालाही आणि गडचिरोलीवाल्यालाही.

४. आपल्या बाजूने: कामाच्या वेळात काम चोख, आणि वेळ संपली की लॅपटॉप बंद. कॅफेत बसायचं तर दर दोन तासांनी काहीतरी मागवायचं आणि क्लायंटची गुपितं मोठ्या आवाजात बोलायची नाहीत. पाहुण्यानेही पाहुण्यासारखं राहायला हवं ना.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. नवीन पोरं शेजारी बसूनच शिकतात. डिबगिंग कसं करायचं हे कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नीट लिहिलेलं नसतं. मान्य. म्हणूनच मी बारा महिने मागत नाहीये, सहा आठवडे मागतोय. उरलेले शेहेचाळीस आठवडे बसू की शेजारी. आणि हे तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही असं कोणी म्हणू नये. मार्च २०२० मध्ये याच कंपन्यांनी काही दिवसांत सगळ्यांना घरी बसवून काम चालू ठेवलं होतं.

सहाच आठवडे का? कारण पहिल्या आठवड्यात आपण पाहुणे असतो, दुसऱ्यात चिडचिड होते. वडिलांची कुठली गोळी संपत आलीय, आईला जिना चढताना दम लागतो का, हे त्याच्या पुढेच दिसायला लागतं. फोनवर तर सगळेच "बरं आहे" म्हणतात. डिसेंबरात आलेल्याला अंबिया बहाराची शेवटची संत्री मिळतात. फेब्रुवारीपर्यंत टिकला तर मृगाचीही मिळतील.

व्हिएन्नाला जरूर जा, पण रजा टाकून जा. तिथली कॉफी कॉलवर म्यूट होऊन पिण्यासारखी नाही. आणि 'कुठूनही काम' हा मोठेपणा कंपनीला मिरवायचाच असेल, तर त्या 'कुठूनही'मध्ये आपलं गाव येतं की नाही, हे पुढच्या मीटिंगमध्ये विचारून बघा. आकडा मात्र लिहून घ्या.