वाशी-नेरुळचे ज्येष्ठ आणि आपली जबाबदारी



जुलै २०१२ मध्ये ब्रिटनने नियम बदलले आणि आई-वडिलांना कायमचं इथे आणणं जवळपास अशक्य झालं. रोजच्या साध्या गोष्टींसाठीही त्यांना दुसऱ्याची मदत लागते आणि ती देखभाल मुलांनी पैसे पाठवूनही भारतात मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. नवी मुंबईत कामाला बाई मिळते, रुग्णालयं जवळ आहेत. मग असा अर्ज टिकणार कसा? व्हिजिटर व्हिसावर एका वेळी फार तर सहा महिने राहता येतं. म्हणजे आपल्यातल्या अनेकांचे आई-बाबा वाशी, नेरुळ, खारघरलाच थकणार आहेत.

ती मंडळीही मुळात स्थलांतरितच. सातारा, सांगली, जुन्नरकडून आधी मुंबईत आणि तिथून खाडी ओलांडून सिडकोच्या घरांत. मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले, तसे माथाडी कामगारही कोपरखैरण्याला आले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना फंड आणि ग्रॅच्युइटी मिळवून दिली. भावकी मात्र गावाला राहिली आणि पुढची पिढी विमानाने निघून गेली.

अशा ज्येष्ठांच्या पाठीशी, मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क देणारा, २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडमध्ये, त्यामुळे एकाला ठाण्याला जावं लागतं, दुसऱ्याला पनवेलला. वकील लागत नाही, नोटिशीनंतर निकाल ९० दिवसांत अपेक्षित आहे. मिळणारी रक्कम मात्र महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि नवी मुंबईत दिवसरात्र माणूस ठेवायला ती पुरत नाही. आपल्यातल्या ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्यांच्यापर्यंत या कायद्याचा हात कदाचित पोहोचणार नाही. जबाबदारी तेवढीच राहते.

याच कायद्याचं कलम २३ प्रत्येक घरात वाचलं जावं. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण ती अट होती, हे दाखवता यायला हवं. आई-बाबा फ्लॅट बक्षीसपत्राने आपल्या नावे करत असतील, तर ती अट दस्तात स्पष्ट लिहा, असं आपणच सांगावं. त्यांना ते मागणं जड जातं.

ज्यांचं कोणी परदेशात नाही, त्यांची स्थिती अधिक बिकट आहे. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. मुलगा वॉचमनची नोकरी करत असला तरी म्हातारी त्यात बसत नाही. ही मर्यादा अन्यायकारक आहे आणि ती बदललीच पाहिजे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. पण आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा तो फोन मुलाच्या खिशात लंडनला असतो, आणि ओटीपीवाचून सगळं अडतं.

यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा एक दिवस या कामांसाठी ठेवा. आधारचा मोबाइल नंबर त्यांच्याच हातातल्या फोनचा करून घ्या, वय वंदना कार्ड काढा, ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. मग शेजारच्या घरात एकटं कोणी आहे का तेही पाहा आणि त्यांचंही कार्ड काढून द्या. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल आणि तिने अधिकार दिला, तर न्यायाधिकरणात तिच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. नवी मुंबईत कायद्याची जाण असलेलं ओळखीचं कोणी अशा मदतीला तयार असेल, तर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला जरूर कळवा.