सुवालीचे पाणी

सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. ती लक्ष्मी सुरतेत ज्या पाण्यावरून आली, त्याचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. तापीच्या मुखाबाहेर, शहरापासून दहाबारा मैलांवर सुवाली आहे. तेथील किनाऱ्यासमोर वाळूचा लांबट दांडा होता. भरतीस तो बुडे, ओहोटीस उघडा पडे. दांडा आणि किनारा यांमधील निवांत पाण्यात परदेशी जहाजे नांगर टाकीत, कारण तापीच्या मुखाशी साचलेल्या गाळामुळे जड जहाजांस शहरापर्यंत जाता येत नसे.

कोकणातील आडोसे निराळ्या जातीचे. तेथे लाटा खडकाचे कच्चे थर कोरीत जातात, कठीण भाग भूशिरे होऊन उरतात आणि मध्ये वाळूची चंद्रकोर साठते. मालवणास कुरटे बेटाचा खडक पाठीशी आहे. शिवरायांनी सुरतेच्या पहिल्या स्वारीच्याच वर्षी तेथे सिंधुदुर्गाचा पाया घातला. सुवालीस खडकाचा आधार नाही. नदीचा गाळ आणि खंबायतच्या आखाताची जबर भरती-ओहोटी यांनीच तो आडोसा घडविला.

१६१२ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी येथेच पोर्तुगीजांस तोंड दिले, आणि १६१५ च्या आरंभी खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय आरमार घेऊन आला तेव्हा त्याची अवजड जहाजे उथळ पाण्यामुळे आत शिरू शकली नाहीत. वाळूने साम्राज्य उभे केले असे आम्ही म्हणणार नाही; समुद्राविषयी मोगल दरबाराची बेफिकिरी त्याहून मोठे कारण होती. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. खडकाच्या कुशीतील खोल बंदरापुढे गाळाचे बंदर मागे पडले.

हे आज आठवावयाचे कारण याच किनाऱ्यावर, सुरतेच्या दक्षिणेस, पालघर जिल्ह्यात आहे. वाढवण येथे निसर्गाने न दिलेला आडोसा दगडाच्या दहा किलोमीटर लांबीच्या बांधाने उभारावयाचा आहे आणि सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढावयाचा आहे. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने या जागी बंदरास नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. आम्ही बंदराचे विरोधक नव्हेत. परंतु बांधामुळे प्रवाह अडला की गाळ कोठे जाऊन बसेल, हा वरोर, चिंचणी, धाकटी डहाणू येथील कोळी बांधवांचा प्रश्न भाबडा नाही. त्यांच्या होड्या त्याच खाड्यांतून निघतात. प्रवाह आणि गाळ यांची जी मोजमापे झाली असतील ती सरकारने मराठीत छापून गावोगाव द्यावीत. दर पावसाळ्यानंतर खाड्यांच्या मुखांची खोली मोजावी, आणि त्या मोजणीस गावातील दोन जाणते तांडेल बरोबर घ्यावेत.