टाके निघाले, पुढे काय?

न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला मार लागणे हा वृद्धांचा नेहमीचा अपघात. पुष्कळदा त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागते, गुंगी येते, चालताना तोल जातो. 'वय झाले' म्हणून हे अंगावर काढू नये. मेंदूवर हळूहळू रक्त साचत असण्याची शक्यता असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे.

शस्त्रक्रिया गरिबालाही महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात मिळते. खरी पंक्तिप्रपंचाची सुरुवात होते ती घरी सोडल्यावर. अमेरिकेत अशा दुखापतीनंतर कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा पुनर्वसन उपचार कमी मिळतात, असे तेथील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. आपल्याकडे कातडीचा रंग नव्हे, तर खिसा आणि पत्ता पाहिला जातो. अंधेरीच्या इमारतीतील आजोबांकडे फिजिओथेरपिस्ट घरी येतो. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या आजींना मात्र पायऱ्या उतरणेच अशक्य. मग त्या अंथरुणालाच खिळतात.

वास्तविक या विद्येत मुंबई अग्रेसर. रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या व्यवसायोपचाराची आशियातील पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात काढली. हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ सालची. पण मुलुंडहून तोल जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दादरला गाडी बदलून महालक्ष्मीपर्यंत नेणार कोण? आणि त्यासाठी मुलाने रोजंदारी किती दिवस बुडवायची? ७० वर्षे व त्यावरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते मुख्यतः दाखल रुग्णासाठी. येऊन-जाऊन घ्यायच्या व्यायामाचा खर्च त्यात बसत नाही.

म्हणून मागणी एवढीच, की व्यायाम, व्यवसायोपचार आणि वाचोपचार घराजवळच्या पालिका दवाखान्यात मिळावेत आणि जो उठू शकत नाही त्याच्या घरी थेरपिस्ट जावा. शस्त्रक्रियेवर एवढा खर्च करून माणूस खाटेवरच राहणार असेल, तर तो उपचार अर्धवटच म्हणावा लागेल.

तोवर घरच्यांनी एक करावे. रुग्णालय सोडण्यापूर्वी रुग्णाला कसे बसवायचे, उभे करायचे, भरवायचे आणि कोणते व्यायाम द्यायचे, हे तेथील थेरपिस्टकडून स्वतः करून शिकून घ्यावे. पहिले काही महिने फार मोलाचे असतात.