मोजणीबाहेरचा विलंब

ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुराला कामाबरोबरच पंधरा दिवसांच्या आत मजुरीचेही अभिवचन दिले होते. हजेरीपट बंद झाल्यापासून सोळावा दिवस उलटला की पुढील प्रत्येक दिवसासाठी थकीत मजुरीच्या ०.०५ टक्के भरपाई द्यावयाची, असा नियम होता. हजार रुपये थकले तर दिवसाला पन्नास पैसे! रक्कम क्षुद्र खरी; पण दिरंगाईला किंमत पडते, एवढे तत्त्व तरी तीत मान्य झालेले होते.

मात्र कोणती दिरंगाई मोजावयाची, यात मेख होती. हजेरीपट बंद झाल्यावर कामाची मोजमापे व नोंदी पुऱ्या करून संगणकावर निधी हस्तांतरणाचा आदेश काढणे हा पहिला टप्पा. तो राज्यातील यंत्रणेकडे. त्या आदेशाबरहुकूम मजुराच्या खात्यात रक्कम जमा करणे हा दुसरा. तो केंद्र सरकारकडे. विलंबाचे घड्याळ पहिल्या टप्प्याशीच थांबविले जाई. आदेश मुदतीत निघाला, की मजुरी वेळेवर दिली गेली असे अहवाल सांगत. मग पैसे खात्यावर यावयास महिना लागो की दोन. मजूर तिकडे बँकेत हेलपाटे घाली आणि दुकानदाराची उधारी वाढत राही. निधी उपलब्ध नसणे हे या विलंबाचे एक कारण आहे, असे खुद्द केंद्रीय अर्थखात्याच्या ऑगस्ट २०१७ च्या टिपणात नमूद होते. म्हणजे विलंब ठाऊक होता. तो हिशेबात मात्र धरला जात नव्हता.

जे आपल्या हाती नाही त्याचा दंड तालुक्याच्या कारकुनाने का सोसावा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याला सोसावयास लावू नये. जबाबदारीची वाटणी सरकारांनी आपसांत खुशाल करावी. मजुराच्या दिवसांची वाटणी करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? स्वराज अभियानाच्या याचिकेवर १८ मे २०१८ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले : दुसऱ्या टप्प्यातील विलंबाचीही भरपाई द्यावी लागेल, केंद्राला हात झटकता येणार नाहीत.

महाराष्ट्राने याबाबत उदासीन राहणे तर मुळीच शोभणारे नाही. रोजगाराच्या हमीला कायद्याचे बळ देणारे हे राज्य. येथील १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, देशाने तो मार्ग पुढे सव्वीस वर्षांनी धरला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात दिवस किती वाढले, खर्चाचा वाटा राज्यांवर किती पडला, याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु विलंब मोजताना अखेरची तारीख कोणती धरावयाची, आदेश निघाल्याची की मजुराच्या खात्यात पैसे पडल्याची, हे विधिमंडळात आणि ग्रामसभेत आताच विचारले गेले पाहिजे.