बिल दाखवा, नाहीतर माल उचला

पळसदरी स्टेशनापासून धरणापर्यंतच्या टपरीवाल्यांना, किराणा दुकानदारांना आणि त्यांना कर्जत-खोपोलीहून माल टाकणाऱ्या टेम्पोवाल्यांना हा जाहीर इशारा आहे. नामांकित कंपन्यांच्या लेबलाची नक्कल केलेले बाटलीबंद पाणी, चहापावडर आणि साबण पावसाळी सहलीला येणाऱ्यांच्या गळ्यात मारणे बंद करा. मुदत आजपासून पंधरा दिवस.

एवढ्याशा पाकिटावरून कोण विचारतो, म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे बघावे. चितळे बंधूंच्या तक्रारीवरून 2025 मध्ये बाकरवडीच्या पाकिटासाठीच पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

'माल नेतील, वही कोण बघतो?' हेही ऐकले. व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 115 नुसार पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल, ठसे, यंत्रे जप्त करू शकतो; आधी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत मात्र घ्यावे लागते. त्या कलमात वहीखात्याचे नाव नाही, हे खरे. म्हणून खूश होऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने तीच वही, तीच बिले, मोबाइलवरच्या ऑर्डरीसुद्धा मागवू शकतो. लेबलावरचे चित्र चोरलेले असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 64 खाली फौजदारही जप्ती करतो, आणि तिथे निबंधकाला विचारावे लागत नाही.

शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे, दंड 50 हजार ते 2 लाख रुपये. 'मी फक्त विकतो' ही सबब नको. व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 104 विकणाऱ्यासाठीच आहे. त्यातून सुटायचे तर पुरेशी काळजी घेतली, संशयाला जागा नव्हती, हे सिद्ध करावे लागते किंवा माल कुणाकडून आला ते विचारताच सांगावे लागते. कच्च्या चिठ्ठीवर काय सांगणार?

'कंपनीचा माणूस' म्हणवून दुकानात घुसणाऱ्या, वह्या चाळून तोडपाणी करणाऱ्यांनाही हाच इशारा. खासगी माणसाला झडतीचा अधिकार नाही. यायचे तर पोलिसांसोबत या; दोन पंच, झडतीचे चित्रीकरण आणि पंचनाम्याची प्रत लागेल. एकटे आलात तर कर्जत पोलिसांना फोन जाईल.

सोळाव्या दिवशी मालाचे फोटो, दुकानांची नावे, टेम्पोंचे नंबर यांसह लेखी तक्रार कर्जतच्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आणि संबंधित कंपन्यांकडे जाईल. भावकीतला, सोयरा म्हणून एकही नाव वगळले जाणार नाही.