कॅमेरा हलत नाही, म्हणून आव?

अंधेरी-वर्सोव्याच्या कॅफेंमध्ये लॅपटॉपवर पटकथा उघडून बसलेली मुलं चैतन्य ताम्हाणे हे नाव आदराने घेतात. तेच नाव बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या दिवाणखान्यात निघालं, की कोणीतरी हमखास म्हणतं, "पुरस्कार मिळाले असतील हो, पण नुसता आव आहे. घडत काहीच नाही." दोन चित्रपटांवर एवढं कौतुक आणि एवढी चिडचिड वाट्याला आलेला दुसरा मराठी दिग्दर्शक अलीकडे दिसत नाही. 'कोर्ट'ला 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा आणि ओरिझोंती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा असे दोन पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही त्याचीच निवड झाली. 'द डिसायपल' 2020 मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. 2001 च्या 'मान्सून वेडिंग'नंतर तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. इतकं सगळं कानावर पडल्यावर प्रेक्षक मोठ्या अपेक्षेने चित्रपट लावतो आणि समोर काय, तर एका जागी खिळलेला कॅमेरा आणि तारखांवर तारखा. त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. प्रश्न एवढाच, की त्या वैतागाला 'आव' हा शब्द लागू पडतो का.

आव आणतो कोण? जे जवळ नाही ते असल्याचं भासवणारा. चार इयत्ता शिकून पंडिती मिरवणारा, फाटक्या खिशाने सावकारी थाट करणारा. म्हणजे या आरोपात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: चित्रपट कसला तरी मोठा दावा करतो, आणि त्या दाव्याइतका माल आत नाही. चित्रपट संथ आहे, एवढ्याने यातलं काहीच सिद्ध होत नाही. संथपणा हा वेग झाला, दावा नाही. तेव्हा कसोटी साधी ठेवावी. त्या लांबलेल्या दृश्यातली दोन मिनिटं कापली, तर काही जातं का? काहीच जात नसेल तर तो आव. काही जात असेल, तर कंटाळा आपला आहे आणि त्याची जबाबदारीही थोडीफार आपल्याकडे येते.

'कोर्ट'मधली मृत सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष या कसोटीला लावून पाहा. नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिरावर (ही भूमिका वीरा साथीदार यांची) आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या कामगाराने गटारात उतरून जीव दिला. पिंजऱ्यात उभी राहिलेली बायको एकेका प्रश्नाला एकेक वाक्य उत्तर देते. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. नवरा आत उतरण्याआधी प्यायचा, कारण वास सहन व्हायचा नाही. अंगावर सुरक्षेचं काही साधन नसायचं. गॅसने एक डोळा गेला होता. आधी खडा टाकून बघायचा; झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात या झुरळाच्या वाक्यावर कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला असता आणि मागे सारंगी सुरू झाली असती. इथे कॅमेरा लांबच राहतो, त्यामुळे न्यायाधीशही चौकटीत राहतात. ते काय करतात? तिचं म्हणणं इंग्रजीत फिरवून टंकलेखकाला सांगतात. बाई बोलते, साहेब सांगतात, यंत्र टकटकतं. एका बाईचा संसार तीन माणसांतून झिरपत कागदावर येतो तोवर त्याचं एक कोरडं कलम झालेलं असतं. हे दिसायला वेळ लागतो, कारण ते घडायलाच वेळ लागतो. अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या कोर्टात चेक न वटल्याच्या साध्या केससाठी खेटे घातलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. ती दोन मिनिटं कापली तर उरेल ती नुसती माहिती, आणि माहिती तर बातमीतही मिळते. 'कोर्ट' व्हेनिसला दाखवला गेला त्याच वर्षी, मार्च 2014 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्या कामगारांच्या वारसांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. आकडा वाढवावा लागला, याचा अर्थ माणसं उतरतच होती.

यावर एक हुशार आक्षेप येतो. कॅमेरा लांब ठेवणं ही महोत्सवांची फॅशन आहे. इराण, तैवान, रुमानिया सगळीकडे हेच चालतं, ताम्हाण्यांनी ते उचललं आणि परीक्षक खूश झाले. पद्धत बाहेरून आली असेल, त्यात बिघडत काही नाही. आपली संगीत नाटकं कुठे कुठे जाऊन आली आणि कुठून काय काय घेऊन आली, याची यादी काढली तर पुरवणी भरेल. उसन्या गोष्टीबाबत विचारायचं ते हे, की ती इथल्या अंगाला बसते का. सरकारी वकील नूतनचं दृश्य बघा. गीतांजली कुलकर्णींची ही वकीलबाई दुपारी कोर्टात एका म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवण्यासाठी कलमं वाचते, मग लेडीज डब्यात बसून मैत्रिणीशी घरच्या, जेवणाखाण्याच्या गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. रविवारी सहकुटुंब मराठी नाटक बघते. नाटकात मराठी बाप परप्रांतीय जावईबापूंना हाकलतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. पार्ल्याच्या दीनानाथला, मुलुंडच्या कालिदासला, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात जाणारा प्रेक्षक हाच. तो खलनायक नाही, सज्जन आहे, दमलेला आहे, आणि सहकाऱ्यांशी बोलताना वीस वर्षं देऊन टाका एकदाची, असं सहज म्हणू शकतो. ही बाई रुमानियातून आलेली नाही. तिच्या डब्यात रोज शेकडो जणी असतात. तिला दुष्ट ठरवणारा एकही क्लोज-अप न घेता दिग्दर्शकाने तिला आपल्या शेजारी आणून बसवलं, हे त्या लांबच्या कॅमेऱ्याचं काम आहे.

परदेशी पुरस्काराचा संशय तर आपल्याला शोभतच नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम'चा गौरव 1937 मध्ये व्हेनिसलाच झाला होता, आणि तोच चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलालांनी आव आणला असं तेव्हा कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. 'कोर्ट' तसा चालला नाही, हे खरं. पण न चालणं हा दिखाऊपणाचा पुरावा धरला, तर तिकीटबारीलाच समीक्षक नेमावं लागेल.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो टाळता येत नाही. कांबळेचा वकील विनय व्होरा वाइन-चीज विकत घेतो, गाणं ऐकायला बारमध्ये जातो, आईबापांशी कुरकुरतो. नूतनचं घर दिसतं. न्यायाधीश सदावर्ते सुट्टीवर गेलेले दिसतात. नारायण कांबळे मात्र सुरुवातीला मुलांची शिकवणी घेताना दिसतो, गातो, पकडला जातो, आणि त्यानंतर तो आरोपीच राहतो. त्याच्या घराचं दार फारसं उघडत नाही. ज्याच्यावर खटला आहे त्याचंच खासगी आयुष्य का नाही? चित्रपट फाइल हातात असलेल्यांबद्दल आहे, फाइलमध्ये असलेल्याबद्दल नाही, असं उत्तर देता येईल. ते मला निम्मंच पटतं. बाजू रिकामी आहे आणि ती जाणवते. पण हा दोष आव आणण्याच्या नेमका उलट टोकाचा आहे. आव आणणाऱ्या दिग्दर्शकाने कांबळेच्या मनात शिरून त्याच्या वतीने दोन भाषणं ठोकली असती. ताम्हाण्यांना जे आतून माहीत नाही तिथे ते दाराबाहेर थांबले. याला भिडस्तपणा म्हणा, मर्यादा म्हणा.

'द डिसायपल'बाबत मामला आणखी मजेशीर होतो, कारण तो चित्रपटच या आरोपाबद्दल आहे. शरद नेरुळकर या तरुणाला ख्यालगायक व्हायचं आहे. माई नावाच्या, कोणीच नीट न ऐकलेल्या थोर गायिकेची ध्वनिमुद्रित प्रवचनं (आवाज सुमित्रा भावे यांचा) कानात घालून तो रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो. साधना, त्याग, लोकानुनय नको वगैरे. दृश्य संथ गतीतलं, दिवे मागे सरकतायत, तंबोरा लागलेला. पहिल्यांदा ते बघताना आपणही भारावतो. पुढे एक जाणकार संग्राहक बारमध्ये बसून माईंबद्दल, शरदच्या गुरुजींबद्दल नको ते सांगतो आणि शरद संतापतो. त्यानंतर तोच आवाज, तोच रस्ता आला की आपल्याला खात्री वाटेनाशी होते. हे तत्त्वज्ञान होतं की आळशी माणसाला मिळालेलं सुंदर निमित्त? सोवळं पाळणाऱ्या कलावंताच्या अंगचा आव इतक्या निर्दयपणे सोलणारा दिग्दर्शक स्वतः त्याच आवाच्या आहारी गेलाय, असं म्हणणाऱ्याने पुरावा भक्कम आणायला हवा.

इथे 'कट्यार काळजात घुसली' आठवणं अपरिहार्य आहे. तो चित्रपट 2015 चा, 'कोर्ट' चित्रगृहांत लागला त्याच वर्षीचा. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांची गाणी, पडद्यामागे राहुल देशपांडे आणि महेश काळे. गाणं ऐकून माणसं बदलतात, घराणी हरतात-जिंकतात, काजवेसुद्धा दाद देतात. मला तो चित्रपट आवडतो, पण दाव्यांच्या हिशेबात कोणाचा दावा मोठा? सूर माणसाचं काळीज उलटं करतो म्हणणाऱ्याचा, की मेहनत करूनही सूर लागेलच असं नाही म्हणणाऱ्याचा? 'द डिसायपल'मध्ये आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे खरे गवई पडद्यावर गातात, समोर मोजकी माणसं बसलेली असतात आणि एका मैफलीत शरद मध्येच थांबून उठून जातो. मोठे झुंबर लावले की आपण भव्य म्हणतो, आणि रिकामी सतरंजी दाखवली की म्हणतो, हा कोण मोठा लागून गेला?

याचा अर्थ ताम्हाणे कुठेच घसरत नाहीत असा नाही. मोटारसायकलचा तो रस्ता एकदा जास्तच येतो. मुद्दा कळल्यानंतरही दृश्य स्वतःच्या देखणेपणावर रेंगाळतं, आणि कापण्याची कसोटी तिथे लावली तर कात्री चालते. 'कोर्ट'चा शेवट मला याहून मोठा घोटाळा वाटतो. सुट्टी लागल्यावर न्यायालयातले दिवे एकामागून एक विझतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट तिथे पुरा झालेला असतो. पण पुढे आपण रिसॉर्टवर जातो. बाकावर डुलकी काढणाऱ्या न्यायाधीशांना पोरं ओरडून उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. झोपलेली न्यायव्यवस्था, निरपराध्याला थप्पड. दोन तास ज्याने प्रेक्षकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवला त्याने शेवटच्या क्षणी खूण करून दाखवली. अर्थ ओतण्याची ही हौस म्हणजे आवाच्या अगदी जवळ पोहोचलेली जागा. दोन चित्रपटांत अशा जागा दोन-तीनच सापडतात, आणि त्याही चित्रपट संथ झाल्यामुळे बिघडलेल्या नाहीत. बोलका झाल्यामुळे बिघडल्या आहेत.

तेव्हा आरोप ठेवणाऱ्यांना एक विनंती. 'कोर्ट' पुन्हा एकदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. साक्षीचं दृश्य आलं की बाईकडे न बघता टंकलेखकाच्या हातांकडे बघा. आणि शेवटी पडदा काळा झाला की लगेच उठू नका. त्या थपडेबद्दल माझं म्हणणं चुकलंय असं वाटलं, तर जरूर कळवा.